मधुमेहात अंगठ्याची जखम भरत नाही: ऑक्सिजन चेंबर घ्यावं की चालण्याचा व्यायाम करावा?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, मधुमेह १८ वर्षांपासून. वर्षभर चालताना उजवी पोटरी भरून येते, दोन मिनिटं थांबलं की मोकळी होते. सहा आठवड्यांपूर्वी त्याच पायाच्या अंगठ्याला बूट लागून जखम झाली, ती भरत नाही. एका ठिकाणी प्रेशरच्या ऑक्सिजन चेंबरमध्ये ४० सेशन घ्यायला सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी ‘रोज चालत राहा, रक्तपुरवठा वाढेल’ असं सांगितलं. कोणाचं ऐकावं?

आत्ता कोणाचंच नको. दोन्ही उपचार खरे आहेत, पण दोन्ही चुकीच्या वेळी सुचवले गेलेत. चालताना दुखणारी पोटरी आणि सहा आठवडे न भरलेली जखम एकाच पायात आहे, म्हणजे पहिला प्रश्न एकच उरतो: अंगठ्यापर्यंत रक्त किती पोहोचतंय? त्याचं उत्तर आकड्यात मिळाल्याशिवाय चेंबर सुरू केलं तर मोलाचे दोन महिने जातात. आणि उघड्या जखमेवर भार देऊन चालवलं तर जखम रोज नव्याने होते. या आठवड्यातच व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा.

आधी रक्तपुरवठ्याचे आकडे

मधुमेहात पायाच्या धमन्यांचा आजार जरा वेगळा असतो. अडथळे बहुतेक वेळा गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांमध्ये असतात, आणि ते एका जागी नसून लांबवर पसरलेले असतात. शिवाय धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचून भिंत कडक होते. त्यामुळे नेहमीची एबीआय तपासणी, म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, इथे बऱ्याचदा फसवते. ०.९ किंवा त्याहून कमी आकडा आला तर आजार आहे हे नक्की. पण १.४ च्या वर आला तर ती चांगली बातमी नव्हे. कडक धमनी दाब मोजायच्या फुगणाऱ्या पट्ट्याने दबलीच नाही एवढाच त्याचा अर्थ. खरी गल्लत होते ती १.० किंवा १.१ आल्यावर. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं आणि अंगठा उपाशी असतो.

म्हणून अंगठ्याचा दाब, म्हणजे टो प्रेशर, मोजून घ्या. बोटांच्या धमन्या त्या मानाने कमी कडक होतात. अंगठ्यालाच जखम असेल तर शेजारच्या बोटावर मोजता येतो. दुसरी उपयोगी तपासणी म्हणजे त्वचेतल्या ऑक्सिजनची, टीसीपीओ२. पंजाच्या वरच्या बाजूला एक छोटा इलेक्ट्रोड चिकटवतात, तो त्वचा ४३ ते ४५ अंशांपर्यंत गरम करतो आणि १५-२० मिनिटांत आकडा स्थिरावतो. पाय सुजलेला असेल, लाल असेल किंवा इलेक्ट्रोड जाड कातडीवर लावला असेल तर आकडा खोटा कमी येतो, त्यामुळे तळव्यावर मोजू नये.

टो प्रेशर ३० मिमी पाऱ्याच्या खाली, टीसीपीओ२ २५ च्या खाली, घोट्याचा दाब ५० च्या खाली किंवा एबीआय ०.५ च्या खाली, यांपैकी एक जरी निघालं तरी तातडीने अँजिओग्राफी करून रक्तप्रवाह पुन्हा सुरू करता येईल का ते पाहावं लागतं. आकडे इतके वाईट नसले, पण व्यवस्थित ड्रेसिंग करून आणि पायावरचा भार काढूनही चार ते सहा आठवड्यांत जखम लहान होत नसेल, तरी तोच रस्ता. तुमच्या वडिलांची जखम आजच त्या मुदतीत पोहोचली आहे.

याच भेटीत जखमेत बोथट धातूची सळई घालून हाड लागतं का ते पाहायला सांगा आणि पायाचा एक्स-रे काढून घ्या. हाडात जंतुसंसर्ग मुरलेला असेल तर वरून कितीही ऑक्सिजन दिला तरी जखम भरून परत फुटते. बोट काळं पडणं, पू, जखमेभोवती पसरणारी लाली, ताप, रात्री झोपेत पाय दुखून तो पलंगाखाली लोंबकळत ठेवावासा वाटणं, किंवा पाय अचानक थंड आणि पांढरा पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि ‘दुखत नाही म्हणजे फार नसेल’ हा हिशेब मधुमेहात चालत नाही. नसा बधिर झालेल्या पायात गँगरीनसुद्धा न दुखता होतं.

चेंबरमध्ये नेमकं काय होतं

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७-९८ दाखवतो, म्हणजे हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेलं आहे. नाकाला नळी लावून साधा ऑक्सिजन दिल्याने त्यात फारशी भर पडत नाही. चेंबरचं गणित वेगळं आहे. साध्या हवेत १०० मिली रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, जेमतेम ०.३ मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो. २.४ पट वातावरणीय दाबाखाली शंभर टक्के ऑक्सिजन श्वासात घेतला की हाच आकडा ४ ते ५ मिलीपर्यंत जातो. विश्रांतीत शरीराच्या पेशी १०० मिली रक्तातून साधारण ५ मिलीच उचलतात. हा वाढीव ऑक्सिजन तांबड्या पेशींवर अवलंबून नसतो आणि केशवाहिनीपासून जास्त दूरवर झिरपतो. त्यामुळे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना बळ मिळतं, कोलॅजन तयार होतं आणि जखमेच्या तळाशी नव्या केशवाहिन्या फुटायला चालना मिळते.

पण हा ऑक्सिजन रक्तातूनच जातो. धमनी पूर्ण बंद असेल आणि बाजूच्या वाटाही नसतील तर चेंबरमधला ऑक्सिजन अंगठ्यापर्यंत जाणार कुठून? म्हणून चेंबर हा अँजिओप्लास्टी किंवा बायपासला पर्याय होऊ शकत नाही. रक्तप्रवाह शक्य तितका सुधारल्यावर, जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर, पायावरचा भार काढल्यावरही जखम अडून बसली, तरच त्याचा विचार करायचा.

पुरावा काय सांगतो हेही स्पष्ट असलेलं बरं. २०१० साली स्वीडनमधल्या ९४ रुग्णांच्या चाचणीत, जिथे तुलनेच्या गटालाही चेंबरमध्ये बसवून साधी हवा दिली होती, वर्षअखेर ५२ टक्के विरुद्ध २९ टक्के जखमा भरल्या. २०१८ साली नेदरलँड्समध्ये रक्तपुरवठा कमी असलेल्या १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र जखम भरणं किंवा पाय वाचणं यात ठोस फरक दिसला नाही. त्यात चेंबर मिळालेल्यांपैकी जवळपास एकतृतीयांश रुग्ण ठरलेला कोर्स पूर्णच करू शकले नाहीत. दोन महिने रोज ये-जा करणं आजारी माणसाला किती जड जातं, हे त्यातून दिसतं. म्हणूनच मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना चेंबरला ‘नेहमीच्या उत्तम उपचारांनी काम झालं नाही आणि सोय उपलब्ध असेल तर विचार करावा’ एवढंच स्थान देतात. माझं मतही तेच आहे. जखम नसताना, फक्त पोटरी दुखते म्हणून चेंबर घेण्याला मात्र भक्कम आधार नाही.

चेंबर कोणाला लागू पडेल याचा अंदाज आधी घेता येतो, आणि तो न घेता ४० सेशन लिहून देणाऱ्या ठिकाणी सावध राहा. टीसीपीओ२ आधी साध्या हवेत मोजतात, मग मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन देऊन, आणि शेवटी चेंबरमध्ये दाबाखाली. मास्कने आकडा १०० च्या वर चढला तर आशा चांगली. दाबाखाली तो २०० च्या वर गेला तर आणखी चांगली. मास्क लावूनही ३५ च्या पुढे सरकला नाही तर वाट बंद आहे असं समजून पुन्हा व्हॅस्क्युलर सर्जनकडे जावं. अँजिओप्लास्टी नुकतीच झाली असेल तर एक लक्षात ठेवा: त्वचेतला ऑक्सिजन पूर्ण वर यायला तीन-चार आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशीच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

कापडी किंवा प्लास्टिकच्या फुगणाऱ्या पिशवीसारखे चेंबर १.३ पट दाबापर्यंतच जातात. वरचा सगळा हिशेब त्यांना लागू होत नाही.

सेशनच्या दिवशी

एक सेशन साधारण दोन तासांचं: १०-१५ मिनिटं दाब वाढवायला, ९० मिनिटं ऑक्सिजन, मध्ये पाच-पाच मिनिटं साधी हवा, मग दाब उतरवणं. आठवड्यातून पाच दिवस, एकूण ३० ते ४०. मधली साधी हवा झटके (फिट) येऊ नयेत म्हणून असते. ती वाचवून वेळ कमी करायचा नसतो.

मधुमेहींची सगळ्यात नेहमीची अडचण म्हणजे आत असताना साखर घसरणं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी आत जाऊ नये. आत जाण्याआधी साखर मोजायचीच, आणि १२० च्या आसपास किंवा खाली असेल तर काहीतरी पिष्टमय खाऊन, पुन्हा मोजून मगच आत. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या चुकीचा कमी आकडा दाखवतात, त्यामुळे बाहेरचा आकडाच धरायचा. घाम, थरथर, गोंधळ वाटला तर लगेच खूण करायची. झटका येण्याआधीची लक्षणंही अशीच दिसू शकतात, त्यामुळे ऑपरेटरला दोन्ही शक्यता माहीत असाव्या लागतात. इन्सुलिन पंप आणि सेन्सर आत नेता येतील का, हे कंपनीच्या लेखी सूचनेशिवाय ठरवू नये.

दुसरी अडचण कानांची. दाब वाढताना दर काही सेकंदांनी गिळणं, जांभई देणं, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकणं हे करावं लागतं. दुखायला लागल्यावर जोर लावला तर कानाच्या पडद्यामागे रक्त साचतं. दुखण्याआधीच सांगितलं की ऑपरेटर दाब थोडा उतरवतो आणि कान मोकळा होतो. सर्दी असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्यावी. काही आठवड्यांनी दूरचं धूसर दिसू लागतं. कोर्स संपल्यावर ते बहुतेकांचं काही आठवड्यांत ते महिन्यांत पूर्ववत होतं, म्हणून तोवर नवा चष्मा बनवू नका. मोतीबिंदू असेल तर तो वाढू शकतो.

शंभर टक्के ऑक्सिजनमध्ये ठिणगी म्हणजे आगीचा भडका. अंगावर फक्त सुती कपडे. केसाला तेल नको, अंगाला अत्तर-डिओड्रंट नको, जखमेवर पेट्रोलियम जेलीचं मलम नको, मोबाइल, श्रवणयंत्र, लायटर काहीही नको. ड्रेसिंगवर काय लावलंय हे परिचारिकेला रोज विचारायचं, कारण घरून बदललेलं ड्रेसिंग हीच नेहमीची चूक ठरते. छातीत हवा साचलेली असेल (न्युमोथोरॅक्स) आणि उपचार झालेला नसेल तर चेंबर पूर्ण निषिद्ध. हृदयाचं पंपिंग खूप कमी असेल, फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असतील किंवा पूर्वी ब्लिओमायसिन (कर्करोगावरचं औषध) दिलेलं असेल तर आधी सविस्तर तपासणी.

चालणं: जखम नसलेल्या पायाचं औषध

पोटरी दुखण्यावर चालण्याइतकं खात्रीचं औषध दुसरं नाही, आणि तेच सगळ्यात ढिसाळपणे लिहून दिलं जातं. ‘रोज चाला’ हे प्रिस्क्रिप्शन नाही. माणूस दुखायला लागायच्या आत थांबतो, किंवा हळूहळू चालून दुखणं टाळतो, आणि सहा महिन्यांनी तिथेच असतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३०५ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत हेच दिसलं. पाय दुखेल इतक्या जोराने चालणाऱ्यांचं सहा मिनिटांतलं अंतर वर्षभरात सुमारे ३५ मीटरनं वाढलं. आरामात चालणाऱ्यांचं अजिबात वाढलं नाही. दुखण्याची भीती घालवणं हे निम्मं काम आहे. ती कळ म्हणजे स्नायूला तेवढ्यापुरता ऑक्सिजन कमी पडतोय. थांबल्यावर जाणाऱ्या त्या कळेने स्नायू फाटत नाही.

फायदा होतो तो मुख्यतः नव्या धमन्या फुटून नव्हे. स्नायूतल्या पेशी मिळालेला ऑक्सिजन अधिक चांगला वापरायला शिकतात, केशवाहिन्या वाढतात, धमनीचं अस्तर गरजेनुसार सैल होऊ लागतं आणि चाल सुधारून तेवढ्याच अंतराला कमी शक्ती लागते. त्यामुळे एबीआय जसाच्या तसा राहिला तरी अंतर वाढतं. एबीआय सुधारला नाही म्हणून व्यायाम सोडू नका.

फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून तीन दिवस, किमान १२ आठवडे, हे मानक आहे. पाच मिनिटं सावकाश चालून सुरुवात. मग ट्रेडमिल सपाट ठेवून ताशी सुमारे ३.२ किमी वेग. जमत नसेल तर कमी. दुखण्याला १ ते ५ गुण द्यायचे: १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे नुकती सुरुवात, ३ मध्यम, ४ जोराची कळ, ५ असह्य. ३ ते ४ वर आलं की थांबून बसायचं. पूर्ण कळ जाईपर्यंत बसायचं, अर्धवट नाही. अर्धवट विश्रांतीत पुढची फेरी लवकर संपते आणि माणूस निराश होतो. मग पुन्हा चालायचं. वेग असा हवा की पहिली कळ तीन ते पाच मिनिटांत यावी. पहिल्या आठवड्यात विश्रांती वगळून १५ मिनिटं चालणं झालं तरी पुरे. दर आठवड्याला थोडं वाढवत ३० ते ४५ मिनिटांपर्यंत न्यायचं. एका दमात आठ-दहा मिनिटं चालता येऊ लागलं की भार वाढवायची वेळ झाली: वेग ३.२ किमीला पोहोचेपर्यंत वेग वाढवा, त्यानंतर आधी चढ एक-दोन टक्क्यांनी. फरक चार ते आठ आठवड्यांत जाणवू लागतो. बंद केलं की काही महिन्यांत कमावलेलं जातं.

मधुमेहामुळे या पद्धतीत काही गोष्टी बदलाव्या लागतात. पाय बधिर असेल तर कळ उशिरा येते किंवा येतच नाही. तिथे पोटरी जड होणं, चाल मंदावणं, पाऊल घासणं हीच खूण धरायची. नसांचा परिणाम हृदयावरही झालेला असू शकतो, मग नाडीचे ठोके श्रमाच्या प्रमाणात वाढत नाहीत; बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) घेणाऱ्यांचंही तसंच. अशा वेळी ‘बोलता येतंय, पण गाता येणार नाही’ ही पातळी ठीक. छातीत दुखल्याशिवायही हृदयाला रक्त कमी पडू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी ईसीजी आणि हृदयतज्ज्ञाचा होकार घ्या, आणि व्यायामात नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर ती छातीतल्या कळेइतकीच गंभीर समजा.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल आणि साखर ९० च्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं घेऊन मग चाला. २५० च्या वर असून किटोन असतील तर त्या दिवशी नाही. चालायच्या आधी मांडीत इन्सुलिन टोचू नका. काम करणाऱ्या स्नायूजवळून ते लवकर शोषलं जातं.

बूट आतून पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर लांब हवा, आणि घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात फिरवून पाहायचा. वडिलांची जखम बुटामुळेच झाली आहे, त्यामुळे तो जोड आता बाद. प्रत्येक फेरीनंतर नव्हे, पण प्रत्येक सेशननंतर मोजे काढून बोटांच्या मधल्या जागा, टाच, अंगठ्याची बाजू पाहायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर बूट दाबतोय. दोन्ही पायांच्या एकाच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक टिकून राहिला तर चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. आत हाडांची झीज, म्हणजे शार्कोचा पाय, सुरू झालेला असू शकतो.

जखम असताना काय करावं

आत्ता त्या पायावर चालण्याचा व्यायाम नाही. घरातल्या घरात वावरही सर्जनने दिलेल्या भार काढणाऱ्या चपलेत किंवा प्लास्टरमध्ये. पण खाटेवर पडून राहायचं असं नव्हे. हाताने फिरवायचं पेडल, म्हणजे आर्म एर्गोमीटर, हा अशा वेळचा उत्तम व्यायाम आहे. दोन मिनिटं फिरवणं, दोन मिनिटं थांबणं असं करत एकूण २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. हाताच्या व्यायामानेही चालण्याचं अंतर वाढल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. त्याबरोबर बसून हात, खांदे आणि चांगल्या पायाचे वजनाचे व्यायाम. श्वास रोखून वजन उचलायचं नाही. चेंबर सुरू असेल तर हे सगळं बाहेर करायचं. दाबाच्या ऑक्सिजनमध्ये श्रम केल्याने झटक्याचा धोका वाढतो. पाय वर-खाली करण्याचे बर्गर-ॲलनचे व्यायाम काही ठिकाणी शिकवतात. त्यांचा पुरावा कमकुवत आहे, आणि पाय विश्रांतीतही दुखत असेल तर वर उचलून ठेवणं त्रासाचं ठरतं.

औषधांचा कागदही याच वेळी तपासून घ्या: स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं), आणि ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या टाळणारं) हे आहेत ना? सिलोस्टॅझॉलने चालण्याचं अंतर वाढतं, पण हृदय कमकुवत असेल तर ते देत नाहीत. तंबाखू कोणत्याही रूपात चालू असेल तर आजपासून बंद. ती चालू असताना अँजिओप्लास्टी, चेंबर, व्यायाम तिन्हींचा फायदा गळून जातो.

जखम भरली की लगेच पहिल्यासारखं चालायचं नाही. नवी कातडी पातळ असते आणि बरे झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना वर्षभरात पुन्हा जखम होते. पहिले काही आठवडे नव्या, मापाच्या बुटात पाच-दहा मिनिटांच्या छोट्या फेऱ्या, प्रत्येकीनंतर पाय पाहणं, आणि कातडी टिकतेय असं दिसल्यावर वरचा ट्रेडमिलचा कार्यक्रम पहिल्या आठवड्यापासून सुरू करणं. अँजिओप्लास्टी झाली असली तरी हा कार्यक्रम सोडू नये. दोन्ही केलेल्यांचं अंतर नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढतं.

या आठवड्याच्या भेटीला जाताना जखमेचे मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो (तारखेसह), आतापर्यंतचे डॉप्लर रिपोर्ट, औषधांची यादी, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणि तो बूटही बरोबर न्या. अँजिओग्राफीच्या डायचा परिणाम किडनीवर होऊ शकतो, त्यामुळे क्रिएटिनिन हातात असेल तर पुढची तारीख लगेच ठरते.